मदत हवी आहे: मास इफेक्ट ३ मधील ‘सिटाडेल’ हा विस्तार शेवटाआधी खेळावा की शेवटानंतर?

नमस्कार. प्रश्न लहान आहे, पण त्यामागची परिस्थिती कळल्याशिवाय नेमके उत्तर देता येणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ज्यांनी ही अंतराळयुद्धाची तीन भागांची व्हिडिओ गेम मालिका अजून पूर्ण केलेली नाही त्यांनी कृपया पुढे वाचू नये, कारण तिन्ही भागांतील महत्त्वाच्या घटनांचा आणि शेवटाचाही उल्लेख येणार आहे.

माझी धाकटी बहीण गेल्या गणपतीपासून प्लेस्टेशनवर २०२१ ची ‘लेजेंडरी एडिशन’, म्हणजे तिन्ही भागांची एकत्रित आवृत्ती, खेळत आहे. तिने पहिल्या भागापासून सुरुवात केली आणि एकाच शेपर्डला, म्हणजे कथेच्या नायकाला, घेऊन, आधीच्या भागाची सेव्ह पुढे नेत, ती आता तिसऱ्या भागात पोहोचली आहे. दोनशे पानी वहीत ती आपले निर्णय लिहून ठेवते. जिथे दोघांपैकी एकाच साथीदाराला वाचवता येते त्या व्हर्मायरच्या पानावर ‘कैडनला वाचवले, अ‍ॅशलीला नाही’ एवढेच एक वाक्य आहे आणि त्याखाली दोन रेघा आहेत. वहीच्या शेवटच्या पानावर गेलेल्या साथीदारांची नावे आहेत. तुचांका ग्रहावर जेनोफेज या वंध्यत्व आणणाऱ्या रोगाचा इलाज हवेत सोडण्यासाठी मॉर्डिन त्या कोसळणाऱ्या मनोऱ्यात वर गेला, त्या रात्री सव्वाबारा वाजता तिचा फोन आला. “दादा, मॉर्डिन गेला,” एवढे म्हणून ती थांबली आणि नंतर बराच वेळ मला फक्त तिच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

गेल्या आठवड्यात तिने रॅनॉक ग्रहावर क्वेरियन ही परग्रही जमात आणि त्यांनीच बनवलेले गेथ यंत्रमानव यांच्यात समेट घडवून आणला. तीनशे वर्षांचे वैर मिटवणे सोपे नसते. त्यासाठी दुसऱ्या भागापासूनचे अनेक निर्णय जुळून यावे लागतात आणि टाली ही क्वेरियन व लीजन हा गेथ हे दोघेही साथीदार तोवर जिवंत असावे लागतात. तिने हे सारे कोणालाही न विचारता जमवले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पुढची मुख्य मोहीम थेसिया ग्रहाची आहे आणि येत्या शनिवारी ती तिकडे निघणार आहे. तेव्हा मला जे काही सांगायचे आहे ते शुक्रवारपर्यंत ठरवायला हवे.

आता माझी अडचण. मी तिसरा भाग मार्च २०१२ मध्ये, प्रकाशित झाला त्याच महिन्यात, पीसीवर खेळलो. त्या वेळी ‘गॅलेक्टिक रेडिनेस’ नावाचा एक टक्केवारीचा आकडा असे, तो मुळात ५० वर असे आणि तो वाढवायचा तर मुख्यतः मल्टिप्लेयर खेळावे लागे. आमच्या गावातल्या तेव्हाच्या इंटरनेटवर मल्टिप्लेयरचा एक सामनाही धड पूर्ण होत नसे. परिणामी अडीच भाग मेहनत करून गोळा केलेले सैन्य माझ्या खात्यात निम्मेच धरले गेले आणि ढिगाऱ्याखाली शेपर्ड श्वास घेतो ते शेवटचे दृश्य मला मिळालेच नाही. त्याहून मोठी जखम शेवटाची होती. ज्या साथीदारांना घेऊन मी लंडनमध्ये त्या प्रकाशझोताकडे धावलो, तेच काही मिनिटांनी नॉर्मंडी या आमच्या जहाजातून एका अनोळखी ग्रहावर उतरताना दिसले. ते तिथे कसे पोहोचले, जहाजाचा वैमानिक जोकर याने युद्ध अर्धवट का सोडले, यांचे एकही उत्तर नव्हते. पाच वर्षे ज्या माणसांना ओळखत होतो त्यांचे पुढे काय झाले हे कळलेच नाही आणि शेवटी निवडायचे लाल, निळा व हिरवा हे तिन्ही पर्याय जवळपास सारख्याच चित्रफितीत संपत होते.

हा राग माझ्या एकट्याचा नव्हता, हे इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेलच. चाहत्यांनी मोहीम उघडली, त्याच मोहिमेतून मुलांच्या रुग्णालयांना मदत करणाऱ्या ‘चाइल्ड्स प्ले’ या संस्थेसाठी ८०,००० डॉलरहून अधिक रक्कम उभी केली आणि गेम बनवणाऱ्या बायोवेअरच्या कार्यालयात लाल, निळ्या व हिरव्या साखरेच्या थराचे सुमारे ४०० कपकेक पाठवले, ज्यांची चव मुद्दाम एकच ठेवली होती. मार्च संपायच्या आतच सहसंस्थापक रे मुझिका यांनी चाहत्यांना उद्देशून जाहीर पत्र लिहिले आणि जूनमध्ये ‘एक्स्टेंडेड कट’ हा शेवटाचा वाढीव भाग विनामूल्य मिळाला. त्यात नॉर्मंडी साथीदारांना न्यायला येते ते दृश्य आले, ताऱ्यांमधल्या प्रवासासाठी लागणारे मास रिले कायमचे नष्ट झाले नाहीत हे स्पष्ट झाले, प्रत्येक निर्णयानंतरच्या जगाची चित्रे आली आणि तिन्ही पर्याय नाकारण्याचा चौथा मार्गही आला. माझ्या मते त्याने शेवट बदलला नाही, पण समजण्याजोगा केला.

बहिणीच्या आवृत्तीत हे सारे आधीपासूनच आहे. मल्टिप्लेयर काढून टाकलेला असल्याने तो टक्केवारीचा जाचही नाही. म्हणजे मला जो शेवट मिळाला तो तिला मिळणारच नाही. तरीही गेल्या महिन्यात बोलता बोलता माझ्या तोंडून “शेवटाकडून फार अपेक्षा ठेवू नकोस,” असे निघून गेले आणि तेव्हापासून मला चुटपुट लागली आहे. बारा वर्षांहून जुना राग मी तिच्या माथी मारू नये असे मला वाटते.

म्हणून आता जे माझ्या हातात आहे ते नीट करायचे आहे. तिने मला विचारले आहे की सिटाडेल हा विस्तार कधी खेळू. मी तो मार्च २०१३ मध्ये, शेवट पाहून वर्ष उलटल्यावर खेळलो होतो. अँडरसनच्या घरातली ती पार्टी, सगळ्यांचा एकत्र काढलेला फोटो आणि निघण्यापूर्वी नॉर्मंडीकडे पाहत थांबलेले शेपर्ड आणि जोडीदार, हाच माझ्यासाठी मालिकेचा खरा निरोप ठरला. पण तिने तो शेवटानंतर खेळावा की आधी, याचा निर्णय मला होत नाही. शेवटानंतर खेळला तर कथेच्या दृष्टीने ते मागे जाणे होते, कारण श्रेयनामावलीनंतर गेम आपल्याला सर्बरस या शत्रू संघटनेच्या तळावरील हल्ल्याच्या आधी आणून सोडतो. आधी खेळला, तर सगळे जग जळत असताना हे सारे पार्टी कशी करतात, हा प्रश्न तिला पडेल, आणि ती हा प्रश्न नक्की विचारणार.

जोडीला दोन छोटे प्रश्न आहेत. लेव्हायथन हा दुसरा विस्तार थेसियाच्या आधी खेळावा का? आणि थेसियावर लियारासोबत जाविक या साथीदाराला न्यावे, असे मी तिला सांगू का, की तो निर्णय तिच्यावर सोडू?

प्रतिसाद १

तुमच्या दोन छोट्या प्रश्नांची उत्तरे आधी देते. लेव्हायथन अवश्य आधी खेळावा. रीपर, म्हणजे आकाशगंगा संपवायला आलेले हे यंत्रशत्रू, कोणी निर्माण केले आणि कशासाठी, हे त्यात कळते. ते ठाऊक नसेल तर शेवटच्या दहा मिनिटांत शेवटचे पर्याय मांडणारा कॅटलिस्ट अचानक आकाशातून पडल्यासारखा वाटतो, आणि २०१२ मध्ये आपल्याला तो तसाच वाटला होता, कारण लेव्हायथन आला तो त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये. जाविकबद्दल मात्र नक्की सांगा. थेसियाच्या मंदिरात असारी या लियाराच्या जमातीच्या श्रद्धेमागचे सत्य उघडे पडते तेव्हा एक जिवंत प्रोथियन, म्हणजे लुप्त झालेल्या प्राचीन जमातीतला जाविक, लियाराच्या शेजारी उभा असणे, याला तोड नाही. तेव्हा जाविकसाठी पहिल्याच दिवशी वेगळे पैसे मागितले होते, त्यामुळे कित्येकांनी तो प्रसंग त्याच्याविना पाहिला. तुमच्या बहिणीकडे तो आहे, तर त्याला जहाजावर बसवून ठेवू नये.

सिटाडेलबद्दल माझे मत असे की तो शेवटानंतर खेळावा. तुम्ही, मी आणि आपल्यासारख्या सर्वांनी तो तसाच अनुभवला. तो बनवला गेला तेव्हा शेवट सर्वांना माहीत होता आणि त्यातला प्रत्येक विनोद आपण काय गमावले आहे हे जाणून लिहिलेला आहे. शेपर्डच्या निरोपानंतर तो खेळताना मला हसू आणि रडू एकदमच आले. आधी खेळला तर त्यातले फक्त हसू हाती लागते.

प्रतिसाद २

वरील मताचा आदर राखून मी असहमती नोंदवतो. आपल्याला तो शेवटानंतर मिळाला, कारण तो उशिरा प्रकाशित झाला. कथेत मात्र त्याची जागा युद्धाच्या मधली आहे. नॉर्मंडी दुरुस्तीला जाते आणि वरून रजेचा हुकूम येतो, म्हणून ही मंडळी विसावतात. सगळी पात्रेही युद्ध चालू असल्यासारखेच बोलतात, त्यामुळे तो उपसंहार म्हणून खेळताना दर पाच मिनिटांनी काहीतरी खटकते. पीसीवर चाहत्यांनी त्यासाठी मॉड, म्हणजे गेममध्ये घालायचे बदल, तयार केले आहेत, परंतु तुमची बहीण प्लेस्टेशनवर आहे, म्हणजे तो मार्ग बंद आहे.

तुमच्या अडचणीवर माझा तोडगा असा आहे की हा विस्तार एका बैठकीत संपवायचाच नाही. त्याचे तीन भाग आपोआप पडतात: आधी मोहीम, मग एकेका साथीदाराच्या भेटी आणि सर्वांत शेवटी पार्टी. पार्टी कधी द्यायची हे पूर्णपणे खेळणाऱ्याच्या हातात असते. थेसियाला जाण्याआधी, म्हणजे रॅनॉकच्या यशानंतर मन थोडे हलके असताना, मोहीम उरकावी. भेटी सवडीने घ्याव्यात. पार्टी मात्र सर्बरसच्या तळावर जाण्याच्या आदल्या रात्रीसाठी राखून ठेवावी. उद्या आपल्यातले किती जण परततील हे कोणालाच ठाऊक नाही, अशा रात्री सगळे एकत्र जेवतात, गातात, जुन्या गोष्टी काढतात. तुमची बहीण विचारणारच आहे ना की हे पार्टी कशी करतात? त्या रात्री तिला उत्तर शोधावे लागणार नाही.

एक व्यावहारिक सूचना. पार्टीला कोण येईल हे आधीच्या मोहिमांवर अवलंबून असते. जॅकसाठी ग्रिसम अकादमी, समारासाठी असारी मठ आणि ग्रंटसाठी राक्नीची मोहीम केलेली असावी. मिरांडाशी सिटाडेल या अंतराळ स्थानकावर होणाऱ्या सगळ्या भेटी घेऊन तिला काय लेंग या मारेकऱ्याबद्दल सावध केलेले असावे, नाहीतर होरायझनच्या मोहिमेत ती मरण्याची शक्यता असते आणि पार्टीतली तिची जागा रिकामी राहते. तसेच बहिणीला थेसियाच्या आधीची एक वेगळी सेव्ह ठेवायला सांगा.

प्रतिसाद ३

दोन्ही मते वाचली. मला एवढेच सुचवायचे आहे की तुम्ही आपल्या ‘अपेक्षा ठेवू नकोस’ या वाक्याबद्दल तिच्याशी आताच बोलावे. ते वाक्य तिच्या मनात राहिले असेल तर ती सगळा शेवट त्याच नजरेने पाहील, मग सिटाडेल कुठेही खेळला तरी फरक पडणार नाही. मी माझ्या मित्राला असेच काही बोललो होतो आणि शेवट पाहिल्यावर त्याने स्वतःचे मत सांगण्याआधी माझे मत विचारले. त्याचे मला अजूनही वाईट वाटते. शेवट झाल्यावर पहिला फोन तिला करू द्या आणि आधी तिलाच बोलू द्या.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिसऱ्या प्रतिसादाने मी फार अस्वस्थ झालो आणि काल संध्याकाळीच तिला फोन केला. माझा शेवट आणि तिचा शेवट एक नाहीत, मी २०१२ मध्ये काय पाहिले आणि नंतर काय बदलले, हे कथेतले काही न फोडता सांगितले. ती म्हणाली, “दादा, तू बोललास त्या दिवसापासून मी खेळायचा वेग मुद्दाम कमी केला होता.” मला हे माहीतच नव्हते.

तीन भागांत विभागण्याचा तोडगा आम्हां दोघांनाही पटला. लेव्हायथन ती आजपासून सुरू करते आहे आणि सिटाडेलची मोहीम त्यानंतर लगेच. ग्रिसम अकादमी, मठ आणि ग्रंट या तिन्ही मोहिमा तिच्या वहीत बरोबरच्या खुणेसह आहेत, मी विचारून खात्री केली. मिरांडाला सावध केल्याचे तिला आठवत नाही, म्हणून ती आधी सिटाडेलवर जाऊन मिरांडाची एखादी भेट उरली आहे का ते पाहणार आहे. त्यामुळे थेसिया पुढच्या शनिवारवर गेले. जाविकचे मी सांगितले, पण कारण सांगितले नाही.

आता एकच शंका उरली आहे आणि जाणकारांनी तिचेही उत्तर द्यावे ही विनंती. तिने रॅनॉकवर गेथ वाचवले, लीजनने त्यासाठी स्वतःचा जीव दिला आणि वहीच्या शेवटच्या पानावर त्याचे नाव आहे. लाल पर्याय निवडला तर रीपरांबरोबर गेथ आणि जहाजाची कृत्रिम बुद्धिमत्ता ईडीही जातात. कॅटलिस्ट हे निवडीआधी सांगतो, पण २०१२ च्या त्या रात्री मी घाईत ते नीट ऐकलेच नव्हते. तिला फक्त एवढेच सांगू का, की शेवटच्या संभाषणात सर्व प्रश्न विचारून झाल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नकोस? इतके सांगितल्याने काही फुटते का?