ख्रिस्ती क्रीडाशिबिरात बायबलचा तास सर्वांना बंधनकारक असावा का?

मधली_फळी (धागाकर्ता)

वंचित मुलांसाठी चर्चतर्फे पाच-सहा दिवसांची क्रीडाशिबिरं भरतात. त्यांचं वेळापत्रक बऱ्याचदा असं असतं: सकाळी खेळ, मग बायबलचा तास, मग जेवण, मग पुन्हा खेळ. माझी हरकत या क्रमाला आहे. जेवण बायबलच्या तासामागे ठेवलं की तो तास आपोआप सक्तीचा होतो. फॉर्मवर 'ऐच्छिक' लिहिलेलं असलं तरी उपाशी पोर उठून जाणार कुठे?

यातली बरीच मुलं घरून काही न खाता येतात. दोनेक तासांनी जी ढकलाढकली आणि रडारड सुरू होते, तिला प्रशिक्षक बेशिस्त म्हणतात. पुष्कळदा ती भूक असते. म्हणून आल्याआल्या खायला द्या. पुढचा अर्धा-पाऊण तास हजेरी, बूटतपासणी आणि जागेवरचा चेंडूसराव, मगच धावपळ. बायबलचा तास दिवसाच्या शेवटी घ्या आणि ज्यांना तिथे बसायचं नाही त्यांच्यासाठी त्याच वेळी दुसरं काहीतरी ठेवा.

पालकांची संमती तीन वेगळ्या सह्यांनी घ्या: खेळ आणि औषधोपचार, बायबलचा तास, फोटो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना फॉर्म मोठ्याने वाचून दाखवा. आणि बायबलमधली वचनं पाठ केल्याबद्दल बूट, चेंडू, जर्सी देणं पूर्ण बंद करा. बूट ही खेळण्यासाठीची गरज आहे. ती पाठांतरावर टांगली की ज्याला वाचायला येत नाही ते पोर शेवटपर्यंत फाटक्या बुटात खेळतं.

दीपस्तंभ

जेवण आधी, हे मान्य. बाकीच्याला ठाम विरोध.

शिबिर ख्रिस्ती आहे हे कुणी लपवलेलं नसतं. पालक ते वाचून-ऐकून मूल पाठवतात. संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क करारातलं कलम 14 मुलाच्या धर्मस्वातंत्र्याबरोबरच पालकांच्या मार्गदर्शनाचा अधिकारही मान्य करतं.

दिवसाच्या शेवटी मुलं थकलेली असतात, गाडी दारात उभी असते, निम्म्यांचं लक्ष आपल्या पिशवीकडे असतं. त्या वेळेत वचन सांगणं म्हणजे उरकणं. ज्या श्रद्धेमुळे स्वयंसेवक सुट्टी टाकून मैदानात उभे राहतात, तिलाच उरलेला वेळ द्यायचा?

आता माणसांचा हिशेब. 9 ते 12 वयाच्या आठ मुलांमागे एक मोठा माणूस, हे ब्रिटनमधल्या एनएसपीसीसी या बालसंरक्षण संस्थेने सुचवलेलं प्रमाण आहे. 48 मुलांना सहा माणसं पुरतात. त्यांचे 38 आणि 10 असे दोन गट केलेत की पाच आणि दोन, म्हणजे सात लागतात. सातवा माणूस ऐनवेळी मिळत नाही, मग लहान गटावर एकटाच कुणीतरी बसतो आणि तिथेच सुरक्षिततेचा नियम मोडतो. शिवाय पर्याय म्हणून फुटबॉल ठेवलात तर सगळी पोरं तिकडेच पळणार. अशाने त्यांनी श्रद्धेबद्दल काही ठरवलं असं होत नाही.

मधली_फळी

पर्याय फुटबॉल नसावाच. चित्रं काढणं, गुणतक्ते तयार करणं, चेंडूंची हवा तपासणं, असं बसून करायचं काम हवं. सातवा माणूस मात्र लागेलच. तो मिळत नसेल तर 40 मुलं घ्या. कलम 14 मूलतः मुलाच्या हक्काचं आहे; पालकांनी मार्गदर्शन करायचं तेही मुलाच्या वाढत्या समजेनुसार, असं त्यातच म्हटलंय. बारा वर्षांच्या मुलीला 'नको' म्हणायची सोय असलीच पाहिजे.

शिट्टी

तुम्ही दोघंही एका तासावर भांडताय. बाकीचे चार तास मैदानात काय चालतं, ते कुणी बोलतच नाही.

सोळा मुलं, एक चेंडू, एक रांग. प्रत्येकाच्या वाट्याला एक लाथ, मग पुन्हा रांगेत शेवटी. ताकदवान पोरं मध्ये घुसतात, बारकी मागे सरकत राहतात. तेच दोन मुलांमागे एक चेंडू द्या, चार विरुद्ध चार असे दोन छोटे सामने लावा, रांग कधीच चारच्या वर जाऊ देऊ नका. शिस्तीचे निम्मे प्रश्न उरत नाहीत. बाद होण्याचे खेळ टाळा, कारण ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज तोच आधी बाहेर बसतो. दोन कर्णधारांनी सगळ्यांसमोर एकेक मूल निवडायची पद्धतही बंद करा. शेवटी उरलेल्या मुलाला जो निरोप मिळतो, तो संध्याकाळच्या कुठल्याही वचनाने पुसला जात नाही. संघ आदल्या रात्री प्रशिक्षकांनी पाडावेत.

साधनंही वयाप्रमाणे हवीत. आठ वर्षांखालच्यांना 3 नंबरचा फुटबॉल, 8 ते 12 ला 4 नंबर, पुढे 5. मिनी बास्केटबॉलची रिंग 2.60 मीटरवर असते, मोठ्यांची 3.05 वर. दगडासारखा फुगवलेला 5 नंबरचा चेंडू सात वर्षांच्या पोराच्या पायावर बसला की ते पुन्हा चेंडूजवळ जात नाही.

देणगीत आलेले बूट फॉर्मवरच्या मापावरून वाटू नका, कारण घरी मोठ्या भावाचे बूट वापरणारं मूल त्याचाच नंबर सांगतं. पाय कागदावर ठेवून दुपारनंतर आखा, तेव्हा तो थोडा सुजलेला असतो. पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडा. वाटप पहिल्याच दिवशी करा आणि सुरुवातीला अर्धा तासच नवे बूट घालू द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी अर्धा गट टाचेला फोड घेऊन बसलेला असेल.

मूल्यं खेळाच्या नियमांतही बसवता येतात. जेम्स नेस्मिथ धर्मशास्त्र शिकलेले होते. 1891 मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए (ख्रिस्ती युवक संघटना) प्रशिक्षण विद्यालयात बास्केटबॉल हा खेळ तयार केला, तेव्हा 13 नियमांत धक्का देणं, पाडणं, चेंडू घेऊन पळणं यांना मनाई केली. दुसरा फाउल केला की पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. प्रवचन न देता आडदांडपणाला आळा घातला.

दीपस्तंभ

रांगेबद्दल आणि बुटांबद्दल शंभर टक्के सहमत. पण नियम वागणं शिकवतो, वागण्यामागचं कारण सांगत नाही. स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल 1924च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटर धावले नाहीत, कारण प्राथमिक फेरी रविवारी होती आणि त्यांच्या श्रद्धेनुसार तो देवाचा वार. 400 मीटरमध्ये त्यांनी सुवर्ण जिंकलं. ती निष्ठा कुठल्याही नियमपुस्तकातून आली नव्हती. ती कुठून आली हे मुलांना सांगायचंच नाही का?

प्रथमोपचार_पेटी

सांगा, पण कसं सांगता त्यावर माझा आक्षेप आहे.

शेवटच्या संध्याकाळी दिवे मंद, संगीत आणि 'ज्यांनी येशूला स्वीकारलं त्यांनी हात वर करा'. आठवडाभर ज्याने पास दिला, नावाने हाक मारली, तो प्रशिक्षक समोर उभा असताना नऊ वर्षांचं मूल हात वर करणारच. ते हात मोजून देणगीदारांना कळवणं तर मुळीच नको.

प्रार्थनेच्या वेळीच मुलं घरातल्या मारहाणीबद्दल, छळाबद्दल बोलतात. तिथे अठरा वर्षांचा गटप्रमुख असेल तर त्याला चार गोष्टी आधीच शिकवून ठेवा: 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, खोदून विचारायचं नाही, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, आणि त्याच दिवशी बालसुरक्षेच्या जबाबदार व्यक्तीला कळवायचं. एकट्या मुलासोबत बंद खोलीत प्रार्थना कधीच नाही. उघड्यावर, दुसऱ्या मोठ्या माणसाच्या नजरेसमोर करा.

मैदानावर दम्याचा पंप प्रशिक्षकाच्या कमरेच्या पिशवीत हवा, कार्यालयातल्या कपाटात नको. डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसल्याची शंका आली तर ते मूल त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही. उन्हात मूल असंबद्ध बोलू लागलं, अडखळू लागलं तर मदत बोलवा आणि लगेच गार पाण्याच्या टबात बसवून अंग थंड करा. अंग थंड केल्यावरच त्याला हलवायचं.

दीपस्तंभ

हात मोजू नयेत, हे पटलं. प्रार्थना उघड्यावर, हेही. पण शेवटची वेळ मला मान्य नाही. भर उन्हात मुलांना मैदानाबाहेर काढावंच लागतं. तो तास सावलीत बायबलसाठी घ्या. थकवा कमी असतो आणि खेळाचा वेळही जात नाही.

मधली_फळी

खाणं त्याआधी झालेलं असेल आणि दुसऱ्या गटालाही तितकीच सावली मिळणार असेल तर मधला तास मला चालेल. एक अट मात्र सोडणार नाही: जो प्रशिक्षक संघ पाडतो, त्याने बायबलचा तास घ्यायचा नाही आणि त्या तासाची हजेरीही त्याच्या हाती द्यायची नाही.

दीपस्तंभ

हजेरी सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्याकडे द्या, मान्य. पण प्रशिक्षकाला त्या तासातून वगळणं मला मान्य नाही. मुलांचा विश्वास त्याच्यावरच बसलेला असतो.

मधली_फळी

म्हणूनच त्याने घेऊ नये.