नव्या बॅरलमध्ये घरी भरलेली ९ मिमी काडतुसं बसत नाहीत

प्रेषक: ऑस्टिन, टेक्सास

नमस्कार मंडळी,

पिस्तूल ९ मिमी लुगर. मूळ बॅरल काढून मॅच बॅरल (स्पर्धेसाठीची, घट्ट मापाची) घातली आहे. जुन्या बॅरलमध्ये विनातक्रार चालणारी माझी घरी भरलेली काडतुसं हिच्यात पूर्ण आत जात नाहीत. स्लाइड साधारण एक मिलिमीटर उघडी राहते. कारखान्यातली काडतुसं मात्र व्यवस्थित बसतात. गोळी १२४ ग्रेन (सुमारे ८ ग्रॅम), राउंड नोज, शिशाची, कोटिंगवाली. एकूण लांबी २९.२ मिमी. पुंगळ्या (गोळी आणि पावडर धरणारे पितळी कोश) रेंजवर वेचलेल्या, सगळ्या छापांच्या मिसळ. तीनशे भरून तयार आहेत. गोळी आणखी आत दाबून लांबी कमी केली की झालं, असं इथे दोघांनी सांगितलं. ठाण्याचे काका, ऐरोलीच्या ताई, करू का तसं?

प्रेषक: ठाणे, वागळे इस्टेट

इतक्यात दाबू नकोस. काडतूस अडतंय एवढंच आत्ता माहीत आहे, कुठे अडतंय ते माहीत नाही. आमच्या टूलरूममध्ये पार्ट बसत नसला की आधी ब्लू (खुणेचा निळा रंग) लावून घासलेली जागा बघतात, मग हत्यार हातात घेतात. इथेही तेच कर.

पिस्तूल रिकामं कर, दोनदा खात्री कर, बॅरल काढून टेबलावर घे. चाचणी फक्त सुट्या बॅरलमध्ये करायची. स्लाइडला तळहाताने ठोकून काडतूस आत घालायचं नाही, कधीच नाही. गोळी रायफलिंगमध्ये (बॅरलच्या आतल्या पिळाच्या कंगोऱ्यांत) रुतली तर बाहेर काढताना पुंगळी एकटी येते, गोळी बॅरलमध्ये राहते आणि पावडर मेकॅनिझमभर सांडते. स्लाइड पूर्ण बंद नसताना गोळी सुटली तर पुंगळी फाटू शकते, ते त्याहून वाईट.

आधी कारखान्याचं काडतूस चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) सोड. ‘टक्’ असा स्वच्छ आवाज आला पाहिजे, बोटाने गोल फिरलं पाहिजे, बॅरल उलटी केली की आपोआप खाली पडलं पाहिजे. बूड बॅरलच्या मागच्या कडेशी किती खाली बसतं ते नीट बघून ठेव, तुझं मोजमाप तेच. मग तुझं एक काडतूस घे. गोळीसकट सगळीकडे काळ्या परमनंट मार्करने रंगव, वाळू दे, हलक्या हाताने आत सोड, थोडं फिरव, बाहेर काढ आणि भिंगाखाली बघ.

गोळीच्या खांद्यावर (नाक संपून गोळी पूर्ण जाड होते तिथे) ठरावीक अंतराने बारीक ओरखडे दिसले तर गोळी रायफलिंगला टेकते आहे. मॅच बॅरलमध्ये चेंबरपुढचा मोकळा भाग बहुधा आखूड असतो. तुझी शिशाची गोळी ९.०४ मिमीची असेल, जॅकेटवाली ९.०२. जाड गोळी आधी टेकते, शिवाय प्रत्येक साच्याच्या नाकाचा आकार वेगळा. नियमातली कमाल लांबी २९.६९ मिमी आहे, म्हणून २९.२ चालायलाच हवी असं नाही. तो आकडा सगळ्या नाकांसाठी नसतो.

पुंगळीच्या तोंडाशी कडं घासलं असेल तर फ्लेअर (गोळी बसवायला फाकवलेलं तोंड) पुरता मिटलेला नाही. या काडतुसाची खोली तोंडावरच ठरते, तोंड चेंबरच्या पायरीवर टेकतं. तोंडाचा बाहेरचा व्यास कमाल ९.६५ मिमी. साधा हिशोब असा: गोळीचा व्यास अधिक पुंगळीची जाडी दोनदा. ९.०४ आणि दोनदा ०.२८ म्हणजे ९.६०. क्रिम्प डायने (तोंड मिटवणाऱ्या साच्याने) तेवढंच मिटव. त्याहून आवळलंस तर शिशाची गोळी चेपते आणि नेम बिघडतो. इथे आणखी एक गोष्ट असते, कोटिंगच्या गोळ्यांतच दिसते: फ्लेअर कमी दिला तर बसवताना कोटिंग खरवडून तोंडापुढे त्याची वळी साचते. ती वळी नखाने लागते. क्रिम्प मोजून बरोबर येतो, काडतूस तरी बसत नाही.

मधल्या भागात एकाच बाजूला खूण असेल तर गोळी तिरकी बसली आहे. बुडाजवळ खूण असेल तर फुगवटा. सैल चेंबरमध्ये उडवलेली पुंगळी बुडाशी फुगते आणि साइझिंग डाय (पुंगळी पुन्हा मापात आणणारा साचा) तिथपर्यंत पोचत नाही. तिथला व्यास ९.९३ मिमीच्या वर जायला नको. हे मायक्रोमीटरने मोज, व्हर्नियर इतक्या बारकाव्याला पुरत नाही.

किमान दहा काडतुसं रंगवून बघ. मिसळ पुंगळ्या आहेत, कारणं दोन निघू शकतात.

प्रेषक: ऐरोली

काकांच्या म्हणण्यात थोडी भर. केस गेजमध्ये (काडतुसाचं माप तपासायच्या साच्यात) काडतुसं बसतात म्हणून निर्धास्त होऊ नकोस. बहुतेक गेजमध्ये रायफलिंग नसतं, त्यामुळे गोळी लांब पडते आहे हे त्यात कळत नाही. तुझी बॅरल हाच तुझा खरा गेज.

प्रोग्रेसिव्ह प्रेस (एका दाबात सगळे टप्पे करणारं भरायचं यंत्र) वापरत असशील तर साइझिंग डाय बसवताना सगळ्या स्टेशनांवर पुंगळ्या ठेव. रिकाम्या प्रेसवर शेलप्लेटला (पुंगळ्या धरणाऱ्या चकतीला) टेकलेली डाय प्रत्यक्ष भार आला की थोडी वर राहते. शिवाय अशा डायच्या तोंडाला मोठा उतार दिलेला असतो, बुडाचा मिलिमीटर दीड मिलिमीटर तसाच सुटतो. पुंगळ्या वेगळ्या काढून एकेरी प्रेसवर, कमी उताराच्या डायमधून घेतल्या की बहुतेक सुधारतात. भरलेलं काडतूस मात्र साइझिंग डायमध्ये घालायचं नाही. जुना प्राइमर (बुडातली पेटवणारी टोपी) पाडणारी पिन थेट गोळीच्या नाकावर येते आणि तिला आत ढकलते. आत पायरी असलेल्या पुंगळ्या दिसल्या तर थेट भंगारात टाक. त्यांत जागा कमी असते.

प्रेषक: ऑस्टिन, टेक्सास

काका, ताई, दहा काडतुसं रंगवली. आठांच्या खांद्यावर ओरखडे, सहा ठिकाणी, समान अंतराने. एकाच्या तोंडाशी कोटिंगची वळी. एक बुडाशी ९.९६ मिमी. आता लांबी किती ठेवू?

प्रेषक: ठाणे, वागळे इस्टेट

आता लांबीला हात लाव. साइझ केलेली पुंगळी घे, प्राइमर नाही, पावडर नाही. त्याच गोळीचं डमी मुद्दाम लांब बसव. सीटिंग डाय (गोळी बसवणारा साचा) थोडी थोडी खाली घेत प्रत्येक वेळी बॅरलमध्ये सोडून बघ. ज्या लांबीला ते पहिल्यांदा मोकळं फिरतं आणि उलटं केल्यावर पडतं, ती तुझी मर्यादा. तिच्यातून ०.३८ मिमी वजा कर, म्हणजे इंचाचे १५ थाउ. गोळ्या एकसारख्या नसतात, प्रेसही सारखं बसवत नाही, त्यासाठी ही मोकळीक. मर्यादा २८.३२ आली तर लोड २७.९४. गोळी बदललीस की डमी नवं.

आणि आता मुख्य गोष्ट. ९ मिमीची पुंगळी लहान. गोळी एक मिलिमीटर खोल गेली की आतली जागा बरीच घटते आणि दाब झपाट्याने चढतो. म्हणून जुनी पावडर जुन्या वजनाने भरायची नाही. गोळी आणि पावडर बनवणाऱ्यांच्या पुस्तकात त्या लांबीला दिलेल्या सुरुवातीच्या वजनापासून पुन्हा चढ. तयार तीनशे दाबून आखूड करायची नाहीत, कारण त्यांतली पावडर २९.२ साठी ठरवलेली आहे. जुनी बॅरल घालून एकेक तपास, बसतील ती वेगळ्या डब्यात, वर ‘फक्त जुनी बॅरल’ असं लिहून. बसणार नाहीत ती बुलेट पुलरने (गोळी उपटायच्या साधनाने) सोडव.

प्रेषक: ऐरोली

आणखी एक. दिवाळीत ठाण्याला येतोस तेव्हा डमी, पुंगळी, गोळी, काहीही बॅगेत नको, काकांना दाखवायलासुद्धा नको. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात, आणि परवान्याशिवाय काडतूस भरणं इथे गुन्हा आहे. निघायच्या आदल्या दिवशी रेंजवरच्या बॅगेचे आणि जॅकेटचे सगळे कप्पे उलटे करून बघ, एखादी पुंगळी अस्तरात अडकलेली असते. काकांना फोटो आणि मापं पाठव.