मदत हवी आहे: ऑपरेशननंतरचं दुखणं मोजता कसं?

नमस्कार मंडळी. लातूरकडच्या एका सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे दुखण्याचं इंजेक्शन बहुतेक 'एसओएस' लिहिलेलं असतं, म्हणजे पेशंटनं मागितलं तरच. खेड्यातली आजी कशाला मागते! दात-ओठ खाऊन अंगावर काढते. टाके ठणकतात म्हणून खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, मग छातीत कफ साठतो. ट्रामाडॉल या कडक वेदनाशामक औषधाचं नाव काढलं की सिनियर सिस्टर म्हणतात, "सवय लागंल." देखरेखीखाली दोन-चार दिवस दिल्यानं कुठली एवढी सवय लागते?

दुखणं मोजायची 0 ते 10 ची पट्टी आजींना उमगत नाही. "रुपयात किती आणे दुखतंय?" विचारलं की पटकन उत्तर येतं, "बारा आणे." असं कुणी चार्टवर लिहितं का? डॉक्टर चालवून घेतात का?

आणखी एक. सिस्टर लोकांना दुखण्याबद्दल काय माहीत आहे, काय वाटतं, हे विचारायचंय. फेरेल आणि मॅककॅफरी यांची प्रश्नावली इंग्रजीत आहे. मराठीत कुणी केली असेल तर सांगा. बीड-नांदेडकडच्या एमएस्सी नर्सिंगवाल्यांनो, तुमच्याकडंच बघतेय.