रत्नागिरी शहरच पायी बघायचं आहे, गणपतीपुळे नको – मदत हवी आहे

पायपीट:
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई आणि मी रत्नागिरीला येतोय. शनिवारी रात्री पनवेलला मावशीकडे मुक्काम, रविवारी पहाटेची गाडी, अकरापर्यंत रत्नागिरी. मंगळवारी रात्रीच्या गाडीने परत. म्हणजे जवळजवळ तीन दिवस हातात आहेत.

मी जिला जिला विचारलं तिने गणपतीपुळे, जयगड, पावस अशी यादी हातात ठेवली. गाडी करा, एका दिवसात सगळं होतं म्हणे. होत असेल. पण मला गाडीतून उतरून फोटो काढून परत गाडीत बसायचं नाहीये. मला गाव बघायचंय. आळ्या, बाजार, बंदर, लोकांची अंगणं. रत्नागिरी एवढं जुनं गाव, समुद्र तीन बाजूंनी कुठे ना कुठे येऊन टेकतो, मग ते पायी का फिरू नये?

अडचण आईची आहे. वय ६८, सपाट रस्त्यावर तासभर आरामात चालते, पण चढ आला की गुडघा बोलायला लागतो. नकाशात बघितलं तर टिळकांचं घर, मांडवी, थिबा राजवाडा, राजीवडा सगळं एकमेकांच्या दोन-तीन किलोमीटरच्या आत दिसतंय. मी असा विचार केलाय: रविवारी भगवती किल्ला ते मांडवी, सोमवारी राजवाडा आणि तिथून खाली राजीवडा, भाट्याचा पूल, मंगळवारी टिळक आळी आणि बाजार. जमेल का?

दुसरं एक. माझे वडील १९७४-७५ मध्ये नोकरीनिमित्त दीड वर्ष रत्नागिरीत होते, लग्न नवीन होतं, आईचं पहिलं बिऱ्हाड तिथलं. तिला आता आळीचं नाव आठवत नाही. "कुठलंसं वठार होतं" एवढंच म्हणते. रात्री गाज ऐकू यायची पण घरातून समुद्र दिसायचा नाही, आणि दिव्याचा झोत भिंतीवरून सरकत जायचा. एवढ्यावरून काही सांगता येईल का?

चाकरमानी:
तीन दिवस रत्नागिरी शहरात? अहो एक दिवस पुष्कळ झाला. मी तिथलाच, म्हणून सांगतो. दोन दिवस गणपतीपुळ्याला एमटीडीसीत राहा, आईंना देवदर्शनही होईल.

पायपीट:
आईचं देवदर्शन तिच्या जुन्या घराच्या ओट्यावर होणार आहे, दादा. पुळ्याला आम्ही दोनदा जाऊन आलोय.

खालच्या_आळीतला:
चाकरमान्यांना गाव एका दिवसात संपतं, कारण ते दोन दिवस झोपतात. तुम्ही बिनधास्त या.

पण ताई, तुमचा बेत उलटा आहे. नकाशात अंतर दिसतं, उंची दिसत नाही. रत्नागिरी दोन मजल्यांचं गाव आहे. वरचा मजला म्हणजे जांभ्याचा सडा, खडकाळ सपाट माथा: मारुती मंदिर, माळनाका, नाचणे, थिबा राजवाडा. खालचा मजला म्हणजे टिळक आळी, रामआळी, गोखले नाका, झाडगाव, मांडवी, राजीवडा. आणि समुद्रात घुसलेला किल्ल्याचा डोंगर हा तिसरा प्रकार. थिबा पॉईंटवर उभं राहिलात की राजीवडा, खाडी आणि भाट्याचा पूल अगदी पायाशी दिसतो. वाटतं, उतरलो की पोचलो. पण रस्ता फेर घेऊन जातो आणि मधल्या पाखाड्यांच्या पायऱ्या काही ठिकाणी गुडघाभर उंचीच्या आहेत. गुडघा चढाला बोलतो म्हणालात, अशा उताराला ओरडेल.

आमच्याकडचा साधा नियम: चढ रिक्षाने, बेताचा उतार पायी. रिक्षा कुठेही मिळते, बसायच्या आधी भाडं विचारा, बस्स. सकाळी रिक्षाने वर जायचं, हळूहळू खाली यायचं, जेवायला खालीच थांबायचं.

आणि सोमवारी राजवाडा बंद असतो. हे तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं?

पायपीट:
नाही! बरं झालं विचारलं. मग सोमवारचं काय करू? आणि पाखाडी म्हणजे पायऱ्यांची वाटच ना?

खालच्या_आळीतला:
हो, जांभ्याचे चिरे बसवलेली गडग्यांमधली वाट. पावसाळ्यात शेवाळ धरतं, डिसेंबरात कोरडी असते. दोन-चार पाखाड्या आईंना जरूर दाखवा, पण सपाटीवरच्या.

माझा बेत असा. रविवार: सामान टाका, जेवा, आराम करा. साडेतीनला टिळक आळी. लोकमान्यांचं जन्मघर तिथे आहे (१८५६), कौलारू, मागे परसू. ते शासनाकडे आहे, नीट ठेवलंय. घरापेक्षा मला विचाराल तर तिथलं अंगण जास्त बघण्यासारखं, कारण जुनी ब्राह्मण आळी कशी होती ते त्या अंगणावरून कळतं. शेजारी आता इमारती झाल्यात, त्याला इलाज नाही. तिथून रामआळीत या, राममंदिर, दुकानं, गोखले नाक्यावर आंबापोळी-फणसपोळी-कोकम घ्या. जातिभेद न मानता सगळ्यांना खुलं म्हणून १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी बांधून दिलेलं पतितपावन मंदिर बघा. सावरकर तेव्हा इथे स्थानबद्ध होते, १९२४ पासून १९३७ पर्यंत. बाहेरचे लोक मूर्तीला नमस्कार करून निघतात. आईंना पायरीवर बसवून जरा हे सांगा, कारण त्या काळी दलितांना विठ्ठल मंदिराच्या आत घेण्यासाठी याच गावात केवढं भांडण झालं होतं. मग हळूहळू मांडवीकडे. हा सगळा रस्ता उताराचा किंवा सपाट.

वाटेत जयस्तंभाजवळ नगर वाचनालय लागलं तर पाटी वाचा. १८२८ सालचं आहे. आम्ही लहानपणी तिथे पंखा चालतो म्हणून जात असू, हे सांगायला लाज वाटत नाही.

भाट्येकरीण:
वठाराबद्दल मी सांगते. वठार म्हणजे वस्ती, वाडी. शहरात घुडेवठार आहे, फगरवठार आहे. गाज ऐकू यायची पण समुद्र दिसायचा नाही आणि झोत भिंतीवर यायचा, म्हणजे घुडेवठार धरून चाला. ते मांडवीला लागून आहे. झोत किल्ल्यावरच्या दीपगृहाचा, ते १८६७ सालचं आहे, सिद्ध बुरुजावर. आईंना "घुडे" एवढंच कानावर घाला आणि बघा चेहरा काय होतो. आपण आधी नाव सांगितलं की म्हातारी माणसं "हो हो तेच" म्हणतात, म्हणून दोन-तीन नावांत मिसळून विचारा.

आणि रविवारी मांडवीला संध्याकाळी जाणार असाल तर भरती बघून जा.

पायपीट:
भरती कशी बघायची? अ‍ॅप आहे का?

भाट्येकरीण:
अ‍ॅप आहे, पण कालनिर्णय पुरतं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तीनच्या सुमारास पूर्ण भरती. वद्य पक्षातही पुन्हा प्रतिपदेपासूनच मोजायचं. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पाच-दहा मिनिटं कुणी मोजत नाही, अर्धा तास इकडेतिकडे धरा. माझे सासरे याच हिशोबावर जाळं टाकायचे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी जोरात. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मवाळ.

मांडवीची वाळू काळी आहे, ओहोटीला उघडी पडते. भरतीला लाटा बांधावर आपटतात, मग वाळूवर चालणं विसरा, बांधावर भेळ खा. किल्ल्याच्या पलीकडे मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र, वाळू पांढरी. एकाच गावात दोन रंग. पाहुण्यांना हे दाखवताना आम्हाला फुकटचा मोठेपणा वाटतो.

जांभा_दगड:
सोमवारचं माझ्याकडे. सकाळी रिक्षाने थेट रत्नदुर्गावर, म्हणजे तुमच्या भगवती किल्ल्यावर, भगवतीच्या देवळापर्यंत रस्ता जातो. आईंना देवळात बसू दे, तुम्ही तटावरून फिरा. किल्ला घोड्याच्या नालासारखा आहे, एका तटावरून मांडवीची बाजू दिसते, दुसऱ्यावरून मिऱ्याची. दीपगृह लोकांसाठी थोडाच वेळ उघडं असतं, दारावरच्या पाटीवर वेळ बघून घ्या. परत येताना पेठकिल्ल्यातून खाली मिरकरवाड्यात, मासळी बंदरावर, उतरा. हा उतार बेताचा आहे, पण जमत नसेल तर रिक्षा थांबवून ठेवा.

मिरकरवाड्याबद्दल दोन गोष्टी. चप्पल पकड असलेली घाला, धक्का ओला आणि खवल्यांनी निसरडा असतो. आणि तिथे काम चालू असतं हे लक्षात ठेवा. बोट लागली की टोपल्या, लिलाव, बर्फ फोडणं, हातगाड्या, सगळं एकदम. मध्ये उभं राहून फोटो काढणाऱ्याला ओरडा बसतो आणि तो रास्त असतो. कडेला उभ्या राहा, विचारून फोटो काढा. खलाशांमध्ये नेपाळी मुलं बरीच दिसतील. वर्षानुवर्षं येतात, काहींना आपल्यापेक्षा चांगली मालवणी येते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तुम्ही डिसेंबरात येताय म्हणजे बंदर भरलेलं असेल. वास सहन होत नसेल तर मात्र तिकडे फिरकू नका. नाकाला रुमाल लावून फिरणारे पाहुणे कोळणींना फार लागतात, आणि त्या तोंडावर बोलतात.

पायपीट:
आईच्या माहेरी भुसावळला बोंबील सुद्धा परसात भाजायचे. तिची काळजी नाही, माझी आहे.

खालच्या_आळीतला:
मंगळवारी राजवाडा. वरच राहिलात तर सकाळी दहाला चालत जाता येईल. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली राज्य घेऊन हाकललं, पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. राजवाडा मात्र १९१० चा. आणि राजा गेला १९१६ ला. म्हणजे रत्नागिरीत तीस वर्षं, त्यातली जेमतेम सहा या वास्तूत. बाकीची भाड्याच्या बंगल्यांत. आईंच्या बिऱ्हाडाची गोष्ट वाचली तेव्हा मला हेच आठवलं. आत संग्रहालय आहे, ते भराभर होतं. खरी मजा वास्तूत आणि तिच्या मागच्या बाजूला. मग थिबा पॉईंट, तिथून रिक्षाने राजीवडा आणि पूल ओलांडून भाट्ये. पुलावर गाड्यांची वर्दळ आणि वारा, आईंना पायी नेऊ नका. भाट्याला सुरूच्या बनात सावली आहे, झरी विनायकाच्या देवळापाशी पाणी प्यायचं.

भाट्येकरीण:
भाट्याला संध्याकाळी चारनंतर या. आणि मत्स्यालयही सोमवारच्या दुपारी बसवता येईल, देवमाशाचा सांगाडा आहे. मला तो लहानपणी बघून रात्री झोप आली नव्हती.

चाकरमानी:
बरं, आता मीच सुट्टी टाकतो. ताई, मांडवी एक्सप्रेसने येऊ नका हां, तिचं नाव गोव्याच्या मांडवी नदीवरून आहे आणि ती दुपारी पोचते. चांगली गाडी, पण तुमचा दिवस जाईल.

पायपीट:
जनशताब्दीचंच तिकीट काढलंय.

आत्ता आईला फोन केला. भाट्येकरीणताईंनी सांगितलं तसं मिसळून विचारलं, फगरवठार, टिळक आळी, घुडेवठार, परटवणे. तिसऱ्या नावाला गप्प झाली, मग म्हणाली, "घुडेवठारात आपली विहीर होती आणि तिच्या काठावर रहाट नव्हता, हाताने ओढायला लागायचं." रहाट नसल्याची तक्रार पन्नास वर्षांनी! विहीर सापडली नाही तरी चालेल, ती आळी सापडली की पुरे. कुणाच्या अंगणात शिरायचं असेल तर आधी हाक मारू, हे शिकवलेलं आहे.

तिथीचा हिशोब करून बघितला, तपासून द्या. आम्ही येतो त्या रविवारी दशमी आहे. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे पूर्ण भरती साडेसातला, ओहोटी दुपारी दीडला. म्हणजे संध्याकाळी मांडवीला वाळू मिळणार नाही, बरोबर? मग मी आईला झोपवून दीडला एकटी जाऊन काळ्या वाळूवर चालून येते, आणि संध्याकाळी दोघी बांधावर. मंगळवारी द्वादशी, नऊला भरती, तीनला ओहोटी. भाट्याला चारला गेलो तर वाळू भरपूर.

भाट्येकरीण:
हिशोब चोख. पण दीडला मांडवीच्या वाळूवर अनवाणी जाऊ नका. काळी वाळू डिसेंबरातही तापते, आणि परत यायला बांध लांब वाटतो.