बडोद्याहून इंदूरला नोकरी: सामान हलवायचा खर्च नव्या कंपनीकडे कसा मागायचा?

मांजलपूर_बडोदा
नमस्कार मंडळी. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कंपनीची ऑफर आली आहे. पगार फोनवर ठरला, लेटर मेलवर आलं, सही अजून केलेली नाही. लेटरमध्ये शिफ्टिंगच्या खर्चाबद्दल एक अक्षर नाही. इथे मांजलपूरला दोन बेडरूमचं भाड्याचं घर, एक कार, एक स्कूटर, मुलगी पाचवीत. तिकडे राजेंद्रनगरच्या बाजूला घर बघायचा विचार आहे. आत्ता खर्च मागावा का? किती मागावा? मागितल्याने ऑफर बिघडते का? पॅकर्सवाले फोनवर 22 हजारांपासून 40 हजारांपर्यंत काहीही सांगताहेत.

भरती_विभाग
मागा, आणि सही करण्याआधीच मागा. सही झाली की एचआरला तुमच्यासाठी वरून नव्याने मंजुरी आणावी लागते, आणि ती आणायची घाई मग कोणालाच नसते. ऑफर बिघडायची भीती मनातून काढून टाका. पगार ग्रेडच्या चौकटीत बसवावा लागतो, त्यात दोन-पाच हजार वाढवायलाही त्यांना त्रास होतो. शिफ्टिंगचा खर्च एकदाच होणारा, बहुतेक ठिकाणी वेगळ्या खात्यातून जाणारा, म्हणून तिथे हात जरा सैल असतो. मात्र पगाराची घासाघीस पूर्ण संपल्यावरच हा विषय काढा. दोन्ही एकत्र आणलेत तर एकातून कापून दुसऱ्यात घालतात.

“काही मदत मिळेल का?” असं विचारू नका. त्याला उत्तर “पॉलिसीत बघतो” एवढंच येतं आणि विषय तिथेच राहतो. आकडा द्या, आणि आकड्याची फोड द्या. फोनवर मोघम भाव घेण्याऐवजी तीन पॅकर्सना घरी बोलावून सामान दाखवा आणि लेखी कोटेशन घ्या. समजा 28, 31 आणि 34 हजार आले, तर तिन्ही मेलला जोडा आणि मधला आकडा धरा. त्यात घर बघायला एकदा जाऊन येण्याचं भाडं, कुटुंबाचं जाण्याचं भाडं, सुरुवातीचे 10 ते 15 दिवस राहण्याची सोय आणि घराची दलाली घाला. डिपॉझिट घालू नका, ते तुम्हाला परत मिळणार आहे आणि यादीत दिसलं की बाकीच्या रकमांवरही शंका येते. जुन्या कंपनीची नोटीस विकत घ्यायची असेल (नोटीसचे दिवस न भरता त्यांचे पैसे देऊन सुटायचं असेल) तर तो विषयही वेगळा ठेवा.

मेल चार ओळींचा पुरे: “ऑफरबद्दल आभार, रुजू व्हायची तारीख मला मान्य आहे. बडोद्याहून कुटुंबासह इंदूरला यायचं आहे, त्याचा अंदाजे खर्च इतका, कोटेशन सोबत जोडली आहेत. कंपनी यातला किती भाग आणि कोणत्या पद्धतीने देते ते कळवावं. जे ठरेल ते ऑफर लेटरमध्ये यावं, म्हणजे मी सही करून पाठवतो.” शेवटचं वाक्य गाळू नका. तोंडी कबूल करणारा माणूस तुम्ही रुजू होईपर्यंत त्या खुर्चीत असेलच असं नाही.

पैसे नाहीच म्हणाले तर गेस्ट हाउसचे 15 दिवस, रुजू व्हायची तारीख आठवडाभर पुढे, सामान यायच्या दिवशी दोन दिवसांची पगारी रजा किंवा पहिल्या महिन्याची उचल, यातलं काहीतरी मागा. यातल्या बऱ्याच गोष्टी खात्याचा मॅनेजर स्वतः देऊ शकतो.

सुदामानगर_इंदूर
पॅकर्सचं मी सांगतो. तुमच्या आकड्यांत एवढा फरक आहे कारण एकजण पार्ट लोड (एकाच गाडीत इतरांच्या सामानाबरोबर तुमचंही) सांगतोय आणि दुसरा पूर्ण गाडी. पार्ट लोडमध्ये सामान गोडाऊनला उतरतं, दुसऱ्या गाडीत चढतं. दिवस वाढतात आणि जास्त हाताळणीमुळे काच, फ्रिज, कपाट यांचं नुकसान होतं. बडोदा ते इंदूर गोध्रा-दाहोद-झाबुआ-धार रस्त्याने साधारण साडेतीनशे किलोमीटर आहे. एवढ्या अंतराला पूर्ण गाडी संध्याकाळी भरली तर बहुतेक दुसऱ्या दिवशी दारात येते. दोन बेडरूमच्या घराला 14 फुटी आयशर ट्रकगाडी लागते, म्हणून कोटेशन पूर्ण गाडीचंच मागा आणि एचआरलाही तेच पाठवा.

कोटेशनवर वस्तूंची यादी, दोन्हीकडचा मजला, लिफ्ट आहे की नाही, चढाई-उतराई, कार्टन, जीएसटी, सगळं लिहून घ्या. नाहीतर इंदूरला गाडी दारात उभी राहते आणि “सामान जास्त निघालं, तिसऱ्या मजल्याचे वेगळे” सुरू होतं. तो वाढीव पैसा कंपनी देत नाही, कारण मंजुरी मूळ कोटेशनची असते.

विम्याकडे नीट बघा. बिलावर “एफओव्ही” (फ्रेट ऑन व्हॅल्यू) लिहिलं असेल तर तो विमा नाही, वाहतूकदाराने स्वतः लावलेली जोखमीची आकारणी आहे. खरा ट्रान्झिट विमा असेल तर विमा कंपनीचं सर्टिफिकेट मिळतं, त्यावर तुमचं नाव आणि सामानाची जाहीर किंमत असते. सामान फुटलं तर उतरवतानाच बिल्टीवर (वाहतूकदाराच्या मालपावतीवर) शेरा मारून सही घ्या आणि फोटो काढा. वाहतूकदाराला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत जावी लागते.

ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी जीएसटी पोर्टलवर काढायचा कागद) मागितलं तर घाबरू नका, घरच्या वापरलेल्या सामानाला ते लागत नाही. वस्तूंची यादी आणि ऑफर लेटरची प्रत मात्र ड्रायव्हरजवळ द्या. भरलेला गॅस सिलिंडर गाडीत चढवू नका, दुसऱ्या शहरात जाताना तो एजन्सीकडे जमा करून व्हाउचर घ्यायचं असतं.

मांजलपूर_बडोदा
खूप आभार. वरच्यासारखाच मेल पाठवला, आज उत्तर आलं: “50 हजार एकरकमी, पहिल्या पगाराबरोबर. 12 महिन्यांच्या आत सोडल्यास पूर्ण वसुली.” सही करू का?

पगारपत्रक
थांबा. या एका ओळीत तीन गोष्टी सुटल्या आहेत.

पहिली आणि सगळ्यात मोठी, टॅक्स. एकाच कंपनीत बदली झाली तर प्रवास आणि सामान हलवायला मिळालेला भत्ता, खर्च झालेल्या रकमेपर्यंत करमुक्त असतो. पण तुम्ही नव्या कंपनीत रुजू होताय. ही बदली नाही, त्यामुळे एकरकमी पैसे पगारात धरून टीडीएस कापतात. रुजू होण्याआधी दिले तरी ते पगारच. तुमचं उत्पन्न 20 टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर सेससह 20.8 टक्के जाऊन 50 हजारांचे हातात 39,600 येतात. 30 टक्क्यांत असेल तर 34,400. त्यामुळे “50 हजार हातात” हवे असतील तर कंपनीला टॅक्सचा भार स्वतः उचलावा लागेल, म्हणजे पहिल्या बाबतीत साधारण 63,100 मंजूर करावे लागतील. तेवढं मान्य होत नसेल तर दुसरा रस्ता सुचवा: पॅकर्सचं बिल कंपनीने थेट भरावं आणि उरलेली रक्कम तुम्हाला द्यावी. पेरोल (पगार काढणारं खातं) त्यावर टॅक्स कसा लावणार ते तेव्हाच विचारा, पण निदान ऐन महिन्यात तुमचे 30 हजार अडकत नाहीत.

दुसरी, वसुली. “पूर्ण” शब्द काढून महिन्यांच्या प्रमाणात करून घ्या. आठ महिन्यांनी सोडलंत तर उरलेल्या चार महिन्यांचे 16,667 द्यावे लागतील, सगळे 50 हजार नाहीत. कंपनीनेच काढलं किंवा जागा बंद केली तर वसुली नाही, हे वाक्यही घालायला सांगा. आणि वसुली हातात आलेल्या रकमेची व्हावी. नाहीतर मिळाले 39,600 आणि परत करायचे 50 हजार, असा हिशेब होतो. त्याच आर्थिक वर्षात सोडलं तर पेरोल टॅक्स जुळवून घेऊ शकतं, मार्च उलटल्यावर ते फार अवघड.

तिसरी, पुरावे. एकरकमी आहे म्हणून बिलं लागणार नाहीत असं धरून चालू नका. बिल कोणाच्या नावाने हवं, किती दिवसांत द्यायचं, हे आधी विचारा. साध्या कागदावरची रोखीची पावती अकाउंट्सवाले परत पाठवतात. जीएसटी नंबर असलेलं बिल, गाडी नंबरासह बिल्टी, वस्तूंची यादी आणि बँकेतून किंवा यूपीआयने पैसे दिल्याचा पुरावा, एवढं फाइलमध्ये ठेवा.

भरती_विभाग
या दुरुस्त्या एकाच मेलमध्ये मागा, एकेक करून नको. प्रमाणात वसुली सहसा लगेच मान्य होते. टॅक्सचा भार उचलायला नकार आला तर तिथे फार ताणू नका, त्याऐवजी गेस्ट हाउसचे 15 दिवस मागून घ्या.

जीजे06_ते_एमपी09
कार ट्रकवर चढवण्याचा खर्च मागू नका, एवढ्या अंतरात स्वतः चालवत न्या. फास्टॅगचं स्टेटमेंट आणि पेट्रोलची पावती क्लेमला लावा. नोंदणीचा खर्च मात्र विचारून ठेवा. दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. बडोदा आरटीओकडून फॉर्म 28 वर एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला (कर्ज असेल तर आधी बँकेची), मग इंदूरला अर्ज आणि मध्य प्रदेशचा रोड टॅक्स, त्यानंतर गुजरातच्या उरलेल्या टॅक्सच्या परताव्याचा अर्ज. परतावा वेळ खातो, म्हणून एनओसीची आणि नव्या आरसीची प्रत जपून ठेवा. नव्या कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर बीएच (भारत सिरीज, सगळ्या राज्यांत चालणारा) नंबर मिळू शकतो, त्यासाठी एचआरकडून फॉर्म 60 लागतो.

स्कूटर त्याच ट्रकमध्ये जाते. टाकी रिकामी करा आणि यादीत तिचा नंबर लिहून घ्या.

मांजलपूर_बडोदा
तिन्ही दुरुस्त्या मेलमध्ये टाकल्या. मुलीची शाळा सीबीएसई आहे, नवं वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून रुजू व्हायची तारीख मार्चअखेर मागितली. हे चालेल ना?

भरती_विभाग
चालेल. फक्त “शाळेचं वर्ष संपतं म्हणून” एवढं कारण त्याच मेलमध्ये लिहा, आणि तारीख नक्की झाल्याशिवाय पॅकर्सला अ‍ॅडव्हान्स देऊ नका.