मदत हवी आहे: अंदाजपत्रकाच्या पीडीएफ आणि प्रभागांच्या हद्दी

नमस्कार मंडळी. नवी मुंबईत ऐरोलीतल्या सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांसाठी खुल्या सरकारी डेटावर दोन तासांचं सत्र ठेवतोय. केंद्र सरकारचं खुल्या डेटाचं संकेतस्थळ डेटा डॉट गव्ह डॉट इन २०१२ पासून आहे, सरकारी कार्यालयांनी आपणहून माहिती जाहीर करावी असं सांगणारं माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर २००५ पासून. तरी यातलं बरंच काही अर्ज न करता मिळायला हवं, हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. नुसत्या भाषणाने काही होत नाही. आपल्याच नाल्याचा खर्च पडद्यावर दिसला की लोक प्रश्न विचारू लागतात.

घोडं अडलंय फायलींपाशी. सीएसव्हीवर (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलवर) डबल-क्लिक केलं की एक्सेल मराठीचा कचरा करतं. डेटा टॅबमधून फाइल आणून अक्षरांच्या सांकेतिक पद्धतीत ६५००१ युटीएफ-८ निवडलं की अक्षरं नीट येतात. तो भाग सुटला. पण महापालिकेच्या जुन्या अंदाजपत्रकांच्या पीडीएफ बिगर-युनिकोड, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या जुन्या फाँटात आहेत. दिसायला मराठी, कॉपी केलं की रोमन अक्षरांची खिचडी. युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर पहिली वेलांटी आणि रफार भलतीकडे ठेवतो, कारण त्या फाँटात अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. स्कॅन केलेली पानं ३०० डीपीआयवर टेसरॅक्टने (चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या मोफत प्रोग्रॅमने) वाचली तर मजकूर बरा येतो, तक्त्याचे स्तंभ मात्र एकमेकांत घुसतात.

स्तंभ शाबूत ठेवणारी पद्धत कोणी वापरता का? शिवाय २०११ च्या जनगणनेचे वॉर्ड आजच्या प्रभागांशी जुळवलेली केएमएल किंवा जिओजेसन (नकाशावरच्या हद्दींची) फाइल हवी आहे. लोकसंख्या जुन्या वॉर्डांची आणि खर्च आजच्या प्रभागांचा, त्यामुळे हद्दी न जुळवता दरडोई खर्च काढला तर आकडा सपशेल चुकतो. उपाय ऑफलाइन चालणारा असावा, सभागृहातल्या वायफायचा भरवसा नाही.