घरचं नास चालू होईना, लग्नांचा डेटा अडकलाय, तातडीने मदत हवी

औशाचा_फोटोवाला:
नमस्कार मंडळी. परवा वळवाचा पाऊस झाला, लाईट चारदा गेली-आली, तेव्हापासून घरचं नास (फोटो साठवायचा, नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) नुसतं टक् टक् करून बंद पडतंय. त्यात तीन लग्नांचा डेटा आहे. एका पार्टीला रविवारी अल्बम द्यायचाय, नवरीचे मामा दिवसातून दोनदा फोन करायलेत. एका रिकव्हरीवाल्याने फोनवरच २८,००० सांगितले, नुसतं बघायचे ३,००० वेगळे. घरच्या घरी काही होतंय का? लवकर सांगा.

बार्शीरोड:
कोणतं नास? डिस्क किती, रेड (डिस्क एकमेकींना जोडायची पद्धत) कोणतं? दिवे कोणते लागतात? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

औशाचा_फोटोवाला:
दोन डिस्कचं आहे. काळं.

बार्शीरोड:
काळं. बरं.

तुळशीवृंदावन:
डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. माझ्या मेव्हण्याची २००९ साली अशीच चालू झाली होती.

नांदेडचा_पुणेकर:
कृपा करून हे करू नका. गार डिस्क बाहेर काढली की तिला घाम फुटतो, या उकाड्यात तर फारच. मेव्हण्यांचं नशीब म्हणा. मी तर सगळं क्लाउडवरच ठेवतो. घरात डबे सांभाळायचेच कशाला?

बार्शीरोड:
१० एमबीपीएसच्या अपलोडने २ टीबी चढवायला १८ दिवस लागतात, तेही लाईट न जाता. औशाला येऊन करून दाखवा.

शब्दवेध:
शीर्षकात 'डेटा' कशाला? 'विदा' हा चांगला मराठी शब्द आहे.

गुलमंडी:
विदाच झालाय, म्हणून तर धागा काढलाय त्यांनी.
फोटोवाले, आधी अडॅप्टर बदलून बघा. दोन डिस्क एकदम फिरायला लागतात तेव्हा सगळ्यात जास्त करंट ओढतात. म्हातारा अडॅप्टर तिथंच मान टाकतो, डिस्क फिरते-थांबते, फिरते-थांबते, त्यातून ते टक् टक्. रिकाम्या अडॅप्टरला मीटर लावून फसू नका, तो १२ व्होल्ट दाखवीलच. तेवढ्याच व्होल्टचा, पिन तीच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, असा दुसरा आणा. तरीही टक् टक् राहिलं तर लगेच बंद करा, मग डिस्कच गेलेली आहे.

तुळशीवृंदावन:
वायफायचा राउटर उंचावर ठेवला तर स्पीड वाढतो.

औशाचा_फोटोवाला:
गुलमंडीभाऊ, लातूरहून १२ व्होल्ट ५ अँपिअरचा आणला. टक् टक् बंद! दोन्ही डिस्क फिरायलेत. पण आता 'व्हॉल्यूम सापडत नाही' म्हणतंय. सेटिंगमध्ये रेड १ लिहिलंय. दोन नंबरला नारंगी दिवा आहे, पण तो दिवाळीपासूनच आहे.

बार्शीरोड:
दिवाळीपासून??

औशाचा_फोटोवाला:
रात्री डोळ्यावर यायचा म्हणून वर काळी टेप लावली होती. चालत होतं की सगळं. आणि हो, परवा एक नंबरची डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली होती, विंडोजने कायतरी विचारलं, ओके केलं. काहीच दिसेना म्हणून परत बसवली. त्यात माझे दुष्काळात लातूरला आलेल्या पाण्याच्या रेल्वेचे फोटोपण आहेत हो, २०१६ चे. ते कुठं परत मिळणार?

बार्शीरोड:
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं असतं. डबा आत्ता बंद करा. डिस्क काढा, पट्टी चिकटवून त्यावर १ आणि २ लिहा.
रेड १ म्हणजे दोन्ही डिस्कवर एकच माल लिहिला जातो. नारंगी दिवा म्हणजे दोन नंबर दिवाळीलाच पंगतीतून उठली. तिच्यावर तेव्हापर्यंतचाच माल. रेल्वेचे फोटो तिच्यावर असणारच, पण लग्नं फक्त एक नंबरवर. आणि तिलाच तुम्ही विंडोजमध्ये 'इनिशियलाइझ' केलंय. त्याने पार्टिशनचा तक्ता, म्हणजे डिस्कचे भाग कुठून कुठवर याची यादी, नवा लिहिला जातो. पुढे फॉरमॅट केलं नसेल तर धान्य कोठारातच आहे, दारावरची पाटी तेवढी पुसली. नासच्या मेनूत 'रिपेअर' दिसेल, दाबू नका. दिवाळीची जुनी डिस्क खरी धरून एक नंबरवर उतरवली तर विषय संपला.
तेवढ्याच किंवा मोठ्या आकाराची कोरी डिस्क आणा. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करून डीडीरेस्क्यू या प्रत काढायच्या प्रोग्रॅमने एक नंबरची प्रत काढा. मॅपफाइल (प्रत कुठवर झाली त्याची नोंद) दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा, म्हणजे लाईट गेली तरी तिथूनच पुढं सुरू होतं. कुठून कुठं, ते सीरियल नंबर मोठ्याने वाचा आणि मगच एंटर मारा. सेकंदाला १०० एमबी धरलं तर ४ टीबीला ११ तास. मग दोन नंबरचा पार्टिशन तक्ता या प्रतीवर उतरवा, जोडीतल्या डिस्कची आखणी सारखीच असते. एमडीएडीएम या लिनक्सच्या रेड प्रोग्रॅमने 'एक्झामिन' करून इव्हेंट काउंट (डिस्कवरच्या बदलांचा आकडा) बघा, जिचा जास्त ती ताजी. ती प्रत एकटीच रीड-ओन्ली, म्हणजे नुसती वाचता येईल अशी, जोडा.

नांदेडचा_पुणेकर:
क्लाउडवर असतं तर एवढी कसरत लागली नसती, एवढंच म्हणतो.

देवणीचा_गडी:
पाण्याची रेल्वे! मिरजेहून आली होती, एप्रिल २०१६. पहिल्या खेपेला १० टँकर होते, ५० चा रेक नंतर. आम्ही पोरं बघायला गेलो होतो. आमच्या गल्लीत तेव्हा घागरींचा नंबर रात्री दोनला लागायचा.

गुलमंडी:
अवांतर नको. फोटोवाले, फॉरमॅट केलं होतं का?

औशाचा_फोटोवाला:
नाही केलं. ४ टीबीच आहे. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्याला बसवलंय.

औशाचा_फोटोवाला:
प्रत व्हायला १३ तास लागले. मध्ये एकदा लाईट गेली, बार्शीरोडभाऊ म्हणले तसंच झालं, तिथूनच सुरू झालं. इव्हेंट काउंट एक नंबरचा कितीतरी जास्त. तक्ता उतरवायला पुतण्याने दोन तास घालवले, पण फोल्डर दिसायलेत! हळदीचे सगळे आहेत. वरातीचे सात-आठ व्हिडिओ मध्येच अडकतात, बाकी चालतात. मामांना अजून सांगितलं नाही.

बार्शीरोड:
अडकणाऱ्या फायली सोडून बाकीचं आधी दुसरीकडं घ्या. त्या मेमरी कार्डावर असतील का अजून?

औशाचा_फोटोवाला:
कार्ड फॉरमॅट करून पुढच्या लग्नाला वापरलं.

शब्दवेध:
'वापरले'.